पुण्याचा क्लब बंद पडला, आता फातोर्ड्याला गेलं तर ते पक्षांतर का?

बालेवाडी_ते_बांदोडा

आयएसएल (इंडियन सुपर लीग) या फुटबॉल लीगमधल्या एफसी पुणे सिटीचा गाशा २०१९ साली गुंडाळला. आता कायमचा मुक्काम फोंडा तालुक्यात आहे, तेव्हा मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोवाच्या मॅचना जायचं म्हणतोय. ऑफिसात विचारलं तर दोन टोकांची मतं मिळाली. एक जण म्हणतो, क्लब मेला की पाठीराखा मोकळा. दुसरा म्हणतो, एकदा क्लब बदलला तो उद्या परत बदलणार, स्टँडमध्ये त्याला कोण विचारतो?

जाणकारांना विचारायचंय ते असं. गोव्यात हे कसं बघतात? एफसी गोवा आणि गोव्याचा जुना क्लब धेंपो (किंवा चर्चिल) दोन्ही धरले तर चालतं का? की त्यालाही दोन दगडांवर पाय म्हणतात? आणि पुण्याच्या जुन्या जर्सीचं काय करायचं? तत्त्वज्ञान नको, प्रत्यक्षात काय करायचं आणि काय टाळायचं तेवढं सांगा.

ईस्टलोअरचा_पात्राव

आधी पुण्याचं निस्तरू. आयएसएलमध्ये जागा ही फ्रँचायझीची असते, गावाची नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये दोन संघ हलले. दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला आणि पुण्याच्या रिकाम्या जागी नव्या मालकांचा हैदराबाद एफसी आला. पुण्याच्या माणसाने जागेमागे जायचं ठरवलं असतं तर २०२२च्या मार्चमध्ये तो चॅम्पियन झाला असता, तेही आमच्याच फातोर्ड्यावर. फायनल केरळा ब्लास्टर्सशी १-१, मग पेनल्टीवर ३-१. आणि २०२५मध्ये त्याला पुन्हा बोचकं बांधायला लागलं असतं, कारण हैदराबादचा संघ दिल्लीला नेऊन त्याचं स्पोर्टिंग क्लब दिल्ली केलं. तेव्हा फ्रँचायझीमागे धावणं ही निष्ठा नव्हे, ती भाडेकरूची दगदग आहे. तुम्ही धावला नाहीत ते बरं केलंत.

गोव्यात फुटबॉलची निष्ठा एकाच खुंटीला टांगलेली नसते. खाली वाडा आणि गाव, त्यावर गोव्याचा जुना क्लब, त्यावर एफसी गोवा, मग संतोष ट्रॉफीतला गोव्याचा संघ, मग भारत, आणि या सगळ्याच्या बाजूला बेन्फिका, मँचेस्टर, बार्सिलोना असलं काहीतरी. वर्ल्ड कप आला की ब्राझील आणि पोर्तुगालचे झेंडे लागतात ते निराळेच. एका माणसाने प्रत्येक मजल्यावर एक खोली घेतली तर कुणी काही म्हणत नाही. एकाच मजल्यावर दोन खोल्या घेतल्या की भांडण. धेंपो आणि साळगावकर दोन्हींचा पाठीराखा असा प्राणी इथे सापडणार नाही. धेंपो आणि एफसी गोवा दोन्हींचे हजारो सापडतील.

तुमचं पुणे ज्या मजल्यावर होतं ती खोली आता रिकामी आहे. तिथे एफसी गोवा आला तर पक्षांतर कुठलं? पुणे सिटी जिवंत असता, सलग दोन मोसम तळाला असता आणि त्या वर्षी तुम्ही शील्ड (साखळीत पहिलं येण्याचं बक्षीस) जिंकलेल्या संघाकडे आला असता, तर गोष्ट वेगळी. इथे पहिला प्रश्न 'कुठून आलास' हा नसतो, 'कधी आलास' हा असतो. आदल्या मोसमात कप मिळाल्यावर आलेल्याला दोन-तीन वर्षं टोमणे खावे लागतात.

आता करायचं काय. पहिल्या मोसमात घरच्या किमान पाच-सहा मॅच बघा, आणि त्यातल्या दोन तरी तळाच्या संघाविरुद्धच्या, आठवड्याच्या मधल्या दिवशीच्या. मुंबई, केरळा, बंगळुरूच्या मॅचला सगळेच येतात, तिथे कुणाचं तोंड कुणाच्या लक्षात राहत नाही. आधी वरच्या स्टँडचं तिकीट काढा. तिथून खेळाची मांडणी नीट दिसते आणि खाली काय ओरडतात तेही कळतं. 'फोर्सा गोवा' आणि 'उजो'च्या घोषणा कधी येतात, ढोल कधी थांबतो, हे दोन-तीन मॅचमध्ये अंगवळणी पडतं. मग खाली ईस्ट लोअरमध्ये या. तिथे नव्वद मिनिटं उभं राहायची आणि घसा फाडायची तयारी लागते. मोबाईलवर व्हिडिओ काढत बसलेल्याला मागून टपली बसते, आणि ती बरोबरच आहे.

आणि ८५व्या मिनिटाला उठू नका. २० डिसेंबर २०१५ची फायनल याच मैदानावर, चेन्नईयिनविरुद्ध. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने २-१, अर्धं मडगाव नाचायला लागलेलं. ९०व्या मिनिटाला स्वयंगोल, भरपाई वेळेत मेंडोझा, २-३. २४ एप्रिल २०२४ला सेमीफायनल मुंबईविरुद्ध, पुन्हा फातोर्डा. नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-० पुढे, तिथून पुढच्या सहा-सात मिनिटांत तीन गोल खाल्ले, पुन्हा २-३. या दोन संध्याकाळी शेवटची शिटी होईपर्यंत कोण बसून होतं आणि पुढच्या मॅचला कोण आलं, यावरून इथे माणूस ओळखतात.

जुना_तिकीट_बुक

पात्राव, तुमचा मजल्यांचा हिशेब बरा आहे, पण तो २०१४ नंतरचा. त्याआधी या इमारतीला एफसी गोवा हा मजलाच नव्हता, आणि तो चढवला तेव्हा खालच्यांना कुणी विचारलं नाही.

प्रश्नकर्त्यांनी हे समजून घ्यावं, नाहीतर धेंपोवाल्यांशी बोलताना पाय घसरेल. २००६-०७ ते २०१२-१३ अशी सलग सात वर्षं राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही. धेंपो चार वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. हे तेव्हाचं भारताचं सर्वोच्च फुटबॉल. मग २०१४ला आयएसएल आली. एफसी गोवाच्या सुरुवातीच्या मालकांत व्हिडिओकॉनच्या वेणुगोपाल धूत यांच्यासोबत दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो. म्हणजे ज्या दोन घराण्यांच्या क्लबांवरून पणजी आणि वास्को एकमेकांकडे डोळे वटारून बघायची, ती घराणी एका टेबलावर. पहिल्या मोसमातले खेळाडूही बरेचसे धेंपोचेच. पाठीराख्याने काय करायचं? त्याने क्लब सोडलाच नव्हता, क्लबाचीच माणसं पलीकडे जाऊन बसली होती.

२०१६ला तर कडेलोट. तोवर देशाची पहिली लीग असलेल्या आय-लीगला दुय्यम लीग करण्याच्या फुटबॉल फेडरेशनच्या आराखड्याला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोने त्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून वर यायचा हक्क मिळवला होता, हे विशेष. तिन्ही क्लब राज्यातल्या गोवा प्रो लीगमध्ये खेळत राहिले, पण त्यांच्या पाठीराख्याला देशपातळीवर बघायला काही उरलं नाही. त्यातले काही एफसी गोवाकडे गेले, काही घरी बसले, आणि थोडे अजून चार वाजता धुळेरच्या नाहीतर नागव्याच्या मैदानावर छत्री घेऊन बसलेले दिसतात. या तिसऱ्या प्रकारच्या माणसाला 'तुम्ही एफसी गोवाला का येत नाही' असं विचारू नका. त्याच्या दृष्टीने पक्षांतर त्याने केलेलं नाही.

धेंपो २०२४-२५ला आय-लीगमध्ये परतला. आणि २०२२-२३पासून आय-लीगचा विजेता आयएसएलमध्ये चढायला लागला, पंजाब आणि मोहमेडन तसेच चढले. चर्चिल २०२४-२५ला त्या दारापर्यंत जाऊन आला. एप्रिलमध्ये करंडक हातात दिला आणि जुलैत क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवलं. म्हणजे एक ना एक दिवस एफसी गोवा विरुद्ध धेंपो किंवा चर्चिल अशी आयएसएलची मॅच फातोर्ड्यावर होऊ शकते. दोन्ही धरणाऱ्याने त्या दिवशी कुठे बसायचं हे आजच ठरवून ठेवावं. गोलशून्य बरोबरीची प्रार्थना करणारे दोन्हीकडून मार खातात.

इतकं थांबायचीही गरज नाही म्हणा. एफसी गोवाचा ज्युनियर संघ गोवा प्रो लीगमध्ये याच क्लबांविरुद्ध खेळतो. २०१८-१९ला तर ती लीग त्या पोरांनीच जिंकली. एकदा धेंपो विरुद्ध एफसी गोवाची पोरं अशी मॅच बघायला जा. पहिला गोल झाला की तुमचा हात आपोआप वर जातो की नाही, तेवढं बघा. उत्तर तिथेच मिळेल, इथे विचारायला नको.

रेफ्री_हरवला

गोव्यात बसून पक्षांतराबद्दल विचारताय, धाडस आहे. आमच्याकडे त्याचे नियम पाठ आहेत. एकटा गेला तर फुटीर, दोन तृतीयांश एकदम गेले तर विलीनीकरण. काँग्रेसचे आमदार भाजपमध्ये गेले ते २०१९ला १५तले १० आणि २०२२ला ११तले ८, सगळं कायद्याच्या चौकटीत.

फुटबॉलमध्येही झालंय. २०२०मध्ये कोलकात्याचे मोहन बागान आणि एटीके एकत्र आले, नाव एटीके मोहन बागान. बागानचे पाठीराखे क्लबाबरोबर राहिले, पण त्या तीन अक्षरांशी तीन वर्षं भांडले. शेवटी मालकाने नाव बदलायची घोषणा केली ती १८ मार्च २०२३ला, आयएसएल जिंकल्यावर, आणि जागा कुठली? फातोर्डा. क्लब न सोडता मालकाशी भांडता येतं, एवढाच मुद्दा.

बालेवाडी_ते_बांदोडा

आभार सगळ्यांचे. तिकीट बुकवाल्या काकांचं वाचून धेंपोवाल्यांशी जपून बोलायचं ठरवलंय. एक पोटप्रश्न राहिला. घरातला चौदा वर्षांचा भाचा मुंबई सिटीचा, कारण काय तर त्याचे आवडते सगळे खेळाडू एक एक करून तिकडे गेले. त्याला फातोर्ड्याला न्यायचं तर निळी जर्सी घालून नेऊ का? आणि खेळाडूमागे जाणं यात चूक आहे का?

पेनल्टी_बॉक्स_वास्को

भाच्याची चूक नाही, त्याचं वय ते आहे. फक्त त्याला २०२०चं प्रकरण नीट सांगा.

सर्जिओ लोबेरा एफसी गोवाचा प्रशिक्षक. २०१९-२० मोसमात संघ वरच्या टोकाला आणि साखळीतल्या तीनच मॅच राहिलेल्या असताना त्याला काढला. क्लिफर्ड मिरांडाने सूत्रं घेतली, शेवटच्या मॅचमध्ये जमशेदपूरला ५-० हरवून ३९ गुणांवर पहिली लीग शील्ड जिंकली आणि त्यामुळे एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या (आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या) गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब झाला. पुढच्या मोसमात लोबेरा मुंबई सिटीत, आणि त्याच्याबरोबर मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बूमूस आणि आपला मंदार राव देसाई. म्हणजे संघाचा कणाच उचलून नेला. त्याच मोसमात सेमीफायनल गोवा विरुद्ध मुंबई. २-२, ०-०, मग पेनल्टीवर मुंबई ६-५. कोविडमुळे अख्खी लीग गोव्यात बंद दाराआड चाललेली, त्यामुळे मंदारने घरच्या लोकांच्या शिव्या ऐकल्या नाहीत. २०२४मध्ये ब्रँडन फर्नांडिसही मुंबईला गेला, आणि तो ज्या सेमीफायनलनंतर गेला त्यात २-०चा दुसरा गोल त्याचाच होता.

खेळाडूचा करार दोन-तीन वर्षांचा असतो, पोट त्यावर आहे. त्याने जास्त पैसे देणारा क्लब निवडला तर त्यात बेइमानी काढायचं कारण नाही. राग येतो तो कुठे गेला त्यावर. लुईस फिगो २०००मध्ये बार्सिलोनाहून थेट रेआल माद्रिदला गेला, म्हणून २००२ला त्याच्यासमोर मैदानात डुकराचं मुंडकं येऊन पडलं. तोच इटलीला गेला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. सोल कॅम्पबेल २००१मध्ये टॉटनहॅमहून आर्सेनलला गेला, तेच. पाठीराख्यालाही हाच हिशेब लागू आहे. ब्रँडन आवडतो म्हणून मुंबईची मॅच टीव्हीवर बघा, तो गोल करेल तेव्हा टाळी द्या, कुणी अडवत नाही. त्याच्यासाठी गोवा हरावा असं वाटायला लागलं की तुम्ही पलीकडे गेलात. रोनाल्डोचं घ्या. २०२१च्या डिसेंबरमध्ये कळंगुटला त्याचा पुतळा बसवला तेव्हा पोर्तुगालचा म्हणून काळे झेंडे लागले. २२ ऑक्टोबर २०२५ला त्याचा सौदी क्लब अल नस्र फातोर्ड्यावर आला तेव्हा रोनाल्डो आलाच नाही. एफसी गोवा १-२ हरला, ब्रायसनने गोल केला. त्या दिवशी ब्रायसनच्या गोलला कोण उडी मारून उठलं आणि कोण 'रोनाल्डो नाही तर काय मजा' म्हणून बसून राहिलं, ते स्टँडमध्ये स्पष्ट दिसत होतं.

जर्सीबद्दल आता. पाठीवर खेळाडूचं नाव छापू नका. तुमचं छापा, किंवा काहीच नको. नाव छापलेली जर्सी दुकानदार परत घेत नाही, आणि खेळाडू गेला की ते नाव पाठीवर टोचत राहतं. अक्षरं प्लास्टिकसारख्या फिल्मची असतात, उष्णतेने चिकटवलेली. काढायची तर जर्सी उलटी करायची, हेअर ड्रायरने मागच्या बाजूने एकेक अक्षर तीस-चाळीस सेकंद तापवायचं आणि कोपऱ्यातून हळू सोलायचं. थेट इस्त्री ठेवलीत तर पॉलिस्टर चकाकतं, नाहीतर आक्रसतं. गोंद राहिला तर खरवडू नका, धागा निघतो. आणि जर्सी दोन-तीन मोसम उन्हात वापरलेली असेल तर अक्षरं निघाली तरी तेवढा कपडा गडदच राहतो. नाव गेलं तरी वाचता येतं. एरवी धुताना उलटी करून थंड पाण्यात, पिळायची नाही, सावलीत वाळवायची.

पुण्याची जुनी जर्सी टाकू नका. पावसाळ्यात मात्र कपाटात दुमडून ठेवलीत तर जुलैपर्यंत काळे ठिपके धरते, ते निघत नाहीत. पूर्ण वाळवून हँगरला लावा. बंद पडलेल्या क्लबाची जर्सी एफसी गोवाच्या मॅचला घातलीत तरी चालेल. मेलेल्या क्लबावर इथे कुणाचा राग नसतो. उलट चार जण येऊन बालेवाडीची चौकशी करतील.

आम्ही_की_आपण

एक बारीक गोष्ट, जी नवीन माणसाला लगेच उघडी पाडते: सर्वनाम.

अमेरिकेत रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये एक अभ्यास छापला. विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे, आणि मॅचबद्दल विचारलं की विद्यार्थी जिंकल्यावर 'आम्ही' म्हणायचे, हरल्यावर 'ते'. इंग्रजीत या कामाला एकच शब्द, म्हणून त्यांची मोजणी तिथेच थांबली. मराठीत दोन आहेत. 'आम्ही जिंकलो' म्हणताना समोरचा बाहेर राहतो, 'आपण जिंकलो' म्हणताना तो आत येतो. स्टँडमध्ये शेजाऱ्याशी बोलताना 'आपण'च म्हणतात. नवीन माणूस जिंकल्यावर पहिल्याच दिवशी 'आपण' म्हणतो, ते लोक चालवून घेतात. हरल्यावर तोच माणूस 'तुमच्या गोव्याचा बचाव फार ढिला' म्हणाला की संपलं, पुढच्या मॅचला शेजारची खुर्ची रिकामी.

तेव्हा 'आपण हरलो' पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडेपर्यंत घाई करू नका. आणि २०१५च्या फायनलबद्दल 'आपण' म्हणू नका, त्या वेळी तुम्ही बालेवाडीत होता.

ईस्टलोअरचा_पात्राव

भाच्याचं सांगायचं राहिलं. मुंबईविरुद्धच्या मॅचला निळी जर्सी घालून ईस्ट लोअरमध्ये आणू नका. मारामारी होत नाही, पण नव्वद मिनिटं पोराची थट्टा होईल, आणि मुंबईने गोल केला आणि तो उठून नाचला तर सुरक्षारक्षक येऊन त्याला हलवतील. तिकीट काढतानाच पाहुण्यांच्या पाठीराख्यांचा भाग कुठला ते बघा आणि दोघंही तिथे बसा, नाहीतर साधा टी-शर्ट घालून वरच्या स्टँडमध्ये. अर्धा गोवा अर्धा मुंबई असला मफलर बाहेर विकायला असेल तर घेऊ नका, त्याला दोन्हीकडचे हसतात.

हेल्मेट आत घेऊ देत नाहीत, ते गाडीलाच कुलूप लावून ठेवायची सोय करा. नाणी, लायटर, पाण्याची बाटली, पॉवर बँक गेटवर काढून घेतात, आणि घेतलं की परत मिळायचं विसरा. साडेसातची मॅच साडेनऊला सुटते. त्या वेळी मडगावहून फोंड्याला कदंबची बस मिळेलच असं धरून चालू नका. अठरा-वीस किलोमीटर आहे, दुचाकी असेल तर स्टेडियमच्या गेटपाशी लावू नका, थोडी लांब मुख्य रस्त्याच्या बाजूला लावा. गेटपाशी लावलेल्यांना निघायला अर्धा तास लागतो.

बालेवाडी_ते_बांदोडा

भाच्याला सांगितलं. साधा टी-शर्ट घालायला तयार आहे, पण टी-शर्टचा रंग निळाच हवा म्हणतो.

रेफ्री_हरवला

मग त्याला वर बसवा, तुम्ही खाली या.